हमी कोणाची, जोखीम कोणाची?

कसारा स्थानकावर गाडी विसावली की तिला जादा इंजिने जोडली जातात आणि मगच ती घाट चढू लागते. दर सदतीस फुटांमागे एक फूट अशी ही चढण इगतपुरीपर्यंत सुटत नाही. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करणाऱ्या नाशिककरांना बोगदे, पूल आणि कोसळणारे धबधबे पाठ झालेले असतात. हा थळ घाटाचा लोहमार्ग १८६५ साली खुला झाला. तो बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी असलेल्या ‘जी.आय.पी.’चे, कौतुक शालेय पुस्तकांतून पुष्कळ झाले आहे. परंतु ही चढण चढण्याचा खर्च कोणी केला, त्या खर्चाची जोखीम कोणी पत्करली आणि त्यावरील नफा कोणी नेला, हा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. तो मांडला पाहिजे. कारण त्या हिशेबाची पुनरावृत्ती महाराष्ट्राने दीडशे वर्षांनंतर कोकणच्या किनाऱ्यावर पाहिली.

१७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि जी.आय.पी. यांच्यात लंडनमध्ये करार झाला. त्यानुसार जमीन सरकारने ९९ वर्षांसाठी विनामूल्य द्यावयाची आणि भागधारकांनी गुंतविलेल्या रकमेवर दरसाल ५ टक्के परताव्याची हमीही सरकारनेच द्यावयाची होती. गाडीला उतारू मिळोत वा न मिळोत, मार्ग काटकसरीने बांधला जावो वा उधळपट्टीने, लंडनच्या भागधारकाचे ५ टक्के ठरलेले! जेथे तूट येईल तेथे ती हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे प्रामुख्याने शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून आणि मिठावरील करातून भरून द्यावयाची. हिंदुस्थान सरकारचे वित्त सदस्य राहिलेले विल्यम मॅसी यांनी १८७२ साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना याचे मर्म उघड केले. भांडवलदाराला ५ टक्के मिळण्याची खात्री असल्यामुळे त्याचा पैसा हुगळी नदीत फेकला काय किंवा विटा-चुन्यात घातला काय, त्याला सारखेच, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे उद्गार कोणा असंतुष्ट देशभक्ताचे नव्हेत, राज्यकर्त्यांच्याच खजिनदाराचे आहेत.

दादाभाई नौरोजी आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी या हमीपद्धतीवर जी टीका केली ती लोहमार्गांना विरोध म्हणून नव्हती. लोहमार्ग हवेच होते. प्रश्न होता तो जोखीम आणि नफा यांची फारकत करण्याचा. १८७६ ते १८७८ या दुष्काळाच्या वर्षांत दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मरत होती, तेव्हाही लंडनला जाणारे हमीचे व्याज थांबले नाही. १९०० साली सरकारने जी.आय.पी. विकत घेतली. पण तिची किंमत एकरकमी न देता वार्षिक हप्त्यांनी द्यावयाचे ठरले आणि त्या हप्त्यांची मुदत १७ ऑगस्ट १९४८ रोजी संपावयाची होती. १८४९ च्या कराराची ९९ वर्षे नेमकी त्याच दिवशी पुरी होत होती! स्वातंत्र्याचा पहिला वाढदिवस होऊन दोन दिवस झाल्यावर!

या साऱ्या काळात हिंदुस्थानचे देणे कधी थकले नाही, असे काही इंग्रजी लेखक अभिमानाने सांगतात. थकणार कसे? ज्याला घ्यावयाचे त्याच्याच हाती खजिन्याची किल्ली होती. तगादा लावण्याकरिता वकील पाठविण्याची आवश्यकता त्याला कधी भासलीच नाही. हमी देणारे सरकार निदान नावापुरते तरी स्वतंत्र असते तेव्हा काय घडते, हे पाहावयाचे तर अन्य देशांकडे वळावे लागते.

दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएलाने १८८८ साली कॅराकस ते व्हॅलेन्सिया या मार्गासाठी जर्मन भांडवलदारांना परवाना दिला आणि त्यांच्या भांडवलावर ७ टक्क्यांची हमी दिली. डोंगराळ मुलूख आणि अवाढव्य खर्च. १८९४ साली मार्ग सुरू झाला, पण हमीची रक्कम देण्याइतका पैसा त्या दरिद्री देशाच्या तिजोरीत नव्हताच. मग १८९६ साली एका जर्मन बँकेकडूनच नवे कर्ज काढून थकलेली हमी भागविण्यात आली. पुढे यादवी माजली आणि त्या नव्या कर्जाचे हप्तेही थकले. डिसेंबर १९०२ मध्ये जर्मनी, ब्रिटन आणि इटली यांच्या युद्धनौका व्हेनेझुएलाच्या बंदरांपुढे उभ्या ठाकल्या. पुएर्तो काबेयो येथील किल्ल्यांवर तोफा डागण्यात आल्या. अखेरीस दोन मुख्य बंदरांच्या जकातीपैकी ३० टक्के उत्पन्न परकीयांची देणी भागविण्यासाठी तोडून द्यावे, या अटीवर नाकेबंदी उठली. अर्जेंटिनाचे परराष्ट्रमंत्री लुईस मारिया द्रागो यांनी त्याच महिन्यात, सार्वजनिक कर्जाच्या वसुलीसाठी शस्त्रबळ वापरता येणार नाही, असा सिद्धान्त मांडला. १९०७ च्या हेग परिषदेने तो मर्यादित स्वरूपात स्वीकारला. ऋणको देश लवादास नकार देत नसेल, तर बळ वापरू नये एवढेच तिने मान्य केले. तोफांची जागा तेव्हापासून वकिलांनी आणि वकिलातींनी घेतली.

चीनची कथा तर याहून उद्बोधक आहे. हूकुआंग लोहमार्गाच्या कर्जात अमेरिकी बँकांना वाटा मिळावा म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष टाफ्ट यांनी जुलै १९०९ मध्ये थेट चीनच्या राजप्रतिनिधीला तार केली. कर्ज देण्यासाठी राष्ट्राध्यक्षाने गळ घालावी, हा प्रकारच विलक्षण! मे १९११ मध्ये ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स आणि अमेरिका येथील बँकांशी ६० लाख पौंडांचा करार झाला. व्याज पुन्हा ५ टक्केच. या कर्जासाठी प्रांतांतील लोकांनी स्वतःच्या पैशातून उभारावयास घेतलेले मार्ग सरकारने राष्ट्रीयीकरणाच्या नावाने ताब्यात घेतले. सिचुआन प्रांत पेटला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात वुचांग येथे उठाव झाला आणि काही महिन्यांतच चिंग राजघराण्याचा अंत झाला. कर्जरोखे मात्र जिवंत राहिले. जपानशी युद्ध पेटल्यानंतर व्याज बंद पडले. १९४९ नंतरच्या कम्युनिस्ट राजवटीने ते देणे मानलेच नाही. तरीही १९७९ साली अलाबामातील न्यायालयात काही अमेरिकी रोखेधारकांनी दावा लावला आणि १९८२ साली सुमारे ४ कोटी १३ लाख डॉलर्सचा निकाल मिळविला. पेकिंगने त्यावर असा काही पवित्रा घेतला की अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यालाच न्यायालयात चीनच्या बाजूने निवेदन करावे लागले आणि १९८४ साली तो निकाल रद्द झाला. ब्रिटिश रोखेधारकांना १९८७ च्या करारान्वये थोडीबहुत भरपाई मिळाली.

व्हेनेझुएला आणि चीन या दोघांनीही देणे थकविले. एकावर तोफा चालल्या, दुसऱ्यासाठी धनकोच्याच सरकारने आपल्या न्यायालयात रदबदली केली. कायद्यात फरक नव्हता, बळात होता.

आता दाभोळकडे वळावे. गुहागर तालुक्यातील अंजनवेलच्या पठारावर उभा राहिलेला प्रकल्प वीजनिर्मितीचा होता, लोहमार्गाचा नव्हे. पण त्याच्या कराराची हाडे जी.आय.पी.च्याच कराराची होती. जून १९९२ मध्ये एन्रॉनशी सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने वीजखरेदी करारावर सही केली. प्रकल्प वीज देण्यास सज्ज असला की मंडळाने ती घेतली किंवा नाही घेतली, स्थिर आकार भरावयाचाच. तोही बव्हंशी डॉलरशी बांधलेला. इंधनाची दरवाढ आणि रुपयाची घसरण हे दोन्ही भार ग्राहकाच्या माथी. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकारची हमी. राज्याने दिले नाहीत तर सप्टेंबर १९९४ मध्ये केंद्राने दिलेली प्रतिहमी. १८४९ साली भागधारकाला ५ टक्के देऊन जोखीम शेतकऱ्यावर टाकली होती. १९९३ साली शेतकऱ्याच्या जागी वीजग्राहक आला, इतकाच काय तो पालट. परकीय सत्ता लादत होती म्हणून पहिला करार क्षम्य म्हणावा तर दुसऱ्या कराराच्या वेळी सही करणारे हात आपलेच होते.

१९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडविण्याचे आश्वासन दिले आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी मनोहर जोशी यांच्या सरकारने प्रकल्प रद्द केला. त्याच्या दोन महिने आधीच, जूनमध्ये, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने निवेदन काढून बजावले होते की दाभोळचा करार मोडल्यास अन्य वीजप्रकल्पांसाठीही परकीय भांडवल मिळणे दुरापास्त होईल. कंपनी एका खासगी भागधारकवर्गाची, पण तिच्या वतीने बोलणारे खाते एका महासत्तेचे! लंडनमध्ये लवाद सुरू झाला. आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच युती सरकारने फेरवाटाघाटी करून प्रकल्प २०१५ मेगावॅटवरून २१८४ मेगावॅटपर्यंत वाढविला. मे १९९६ मध्ये अवघे तेरा दिवस टिकलेल्या अटलबिहारी वाजपेयी सरकारने राजीनाम्याच्या आदल्या दिवशी सुधारित प्रतिहमीला मंजुरी दिली.

हे लिहिताना लेखणी अडखळते, पण लिहिलेच पाहिजे. स्वदेशीचा जागर करीत गावोगाव फिरलेल्या कार्यकर्त्यांनी या प्रकल्पाविरुद्ध पत्रके वाटली, सभा घेतल्या, लाठ्या खाल्ल्या. त्यांना आपल्याच विचारांच्या सरकारच्या या निर्णयाचे समाधानकारक उत्तर कधी मिळाले नाही. काँग्रेसने केलेल्या कराराचे ओझे आपल्या डोक्यावर आले, हा युक्तिवाद १९९५ पर्यंत चालला असता. १९९६ नंतर तो चालत नाही. विरोधी पक्षात असताना करार वाचावयाचा आणि सत्तेत आल्यावर त्यावर सही करावयाची, ही पद्धत पक्षभेदाच्या पलीकडची आहे.

पुढचे सर्वश्रुत आहे. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. नाफ्त्याचे दर चढले, रुपया उतरला आणि २००० साली काही महिन्यांत एका युनिटला सात रुपयांहून अधिक मोजण्याची पाळी मंडळावर आली. मंडळ थकले. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने केंद्राची प्रतिहमी वठविण्यास घेतली. मंडळानेही एक मुद्दा नेमका पकडला होता. जानेवारी २००१ मध्ये मागणी नोंदविल्यावर प्रकल्पाला ठरल्या वेळात पूर्ण भार उचलता आला नाही, म्हणून करारातील दंडाच्या कलमानुसार सुमारे ४०० कोटी रुपये कंपनीकडूनच येणे आहेत, असा दावा मंडळाने केला. आठ वर्षांत करार बारकाईने वाचल्याचा हा एक ठसठशीत पुरावा. दुर्दैव इतकेच की तो सहीनंतर वाचला गेला. माधव गोडबोले समितीने एप्रिल २००१ मध्ये या व्यवहाराची चिरफाड केली आणि मे महिन्यात मंडळाने करार मोडला.

यानंतर वॉशिंग्टनहून जे दडपण आले ते कागदोपत्री नोंदले गेले आहे. अमेरिकी राष्ट्रीय सुरक्षा मंडळाच्या समन्वयाने दाभोळसाठी निरनिराळ्या खात्यांचा स्वतंत्र कार्यगट नेमला गेला. जून २००१ मध्ये उपाध्यक्ष डिक चेनी यांनी सोनिया गांधी यांच्या भेटीत हा विषय काढला. सत्तेत नसलेल्या नेत्याकडेही तगादा लावावा, इतकी ती घाई होती. ९ नोव्हेंबर २००१ रोजी वाजपेयी आणि बुश यांची भेट ठरली तेव्हा अध्यक्षांनी बोलावयाच्या मुद्द्यांत दाभोळ होते. आदल्या दिवशी ते गाळण्यात आले, कारण तोवर एन्रॉनचेच पितळ उघडे पडू लागले होते. २ डिसेंबरला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. प्रतिहमीच्या जोरावर भारताला नीतिपाठ देणाऱ्यांच्या खतावण्या बनावट निघाल्या! दिल्लीत अमेरिकेचे राजदूत असताना या प्रकल्पाचा पाठपुरावा करणारे फ्रँक विस्नर निवृत्तीनंतर १९९७ साली एन्रॉनच्या एका उपकंपनीच्या संचालक मंडळावर जाऊन बसले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

एन्रॉन बुडाली तरी देणे बुडाले नाही. प्रकल्पाचा विमा उतरविणारी संस्था अमेरिकी सरकारचीच होती. तिने विम्याची रक्कम भरली आणि ती भारताकडून वसूल करण्यासाठी २००४ साली अमेरिकी सरकारने १९९७ च्या उभयपक्षी कराराचा आधार घेऊन लवादाची मागणी केली. म्हणजे खासगी भागधारकाचा दावा सरळ दोन राष्ट्रांमधील दावा झाला. २००५ साली तडजोड होऊन जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांना पैसे देण्यात आले आणि एनटीपीसी व गेल यांनी स्थापन केलेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे प्रकल्प आला. २०१५ नंतर काही वर्षे तेथली वीज भारतीय रेल्वेने विकत घेतली. शिवाजी महाराज टर्मिनसमधून सुटणाऱ्या गाड्यांच्या खात्यात दाभोळची वीज जमा होऊ लागली.

आता परिस्थिती एका बाजूने पार उलटली आहे. भारत आज केवळ ऋणको नाही, धनकोही आहे. २००४ साली राइट्स आणि इरकॉन या रेल्वे मंत्रालयाच्या कंपन्यांनी मोझांबिकमधील बैरा बंदराचा लोहमार्ग सुधारून चालविण्याचा परवाना घेतला. २०११ साली तेथील सरकारने तो काढून घेतला. भारताच्या कंपन्या लवादाकडे गेल्या आणि काही वर्षांनी प्रकरण तडजोडीने मिटले. श्रीलंकेत यादवीत उखडलेला उत्तरेचा लोहमार्ग इरकॉनने भारताच्या कर्जातून पुन्हा बांधला. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘याळ देवी’ पुन्हा जाफन्यास पोहोचली आणि मार्च २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तलैमन्नारच्या गाडीला झेंडा दाखविला. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जफेड स्थगित केली, तेव्हा थकलेल्या देण्यांत भारताचेही देणे होते. त्या वेळी भारताने बंदरे अडविली नाहीत. उलट सुमारे ४०० कोटी डॉलर्सचे साहाय्य दिले, जानेवारी २०२३ मध्ये कर्जफेडीच्या पुनर्रचनेची लेखी ग्वाही सर्व धनको देशांच्या आधी दिली आणि जून २०२४ मध्ये जपान व फ्रान्स यांच्यासह तडजोड पूर्ण केली. शेजारधर्म यात होताच, त्याचबरोबर शहाणपणही होते. कारण हंबनटोटा बंदर ज्यांनी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले ते दारात उभेच होते. ९९ हा आकडा वाचून नाशिककरांना १८४९ ची आठवण व्हावी.

येथे एक आक्षेप येईल. परकीय पैसा नको म्हटले तर लोहमार्ग, वीज, मेट्रो व्हावयाची कशी? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच कर्ज आणि हमी यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती लोहमार्गासाठी जपानकडून घेतलेले कर्ज ५० वर्षांच्या मुदतीचे आणि नाममात्र व्याजाचे आहे. येनचा भाव वाढल्यास त्याचा भार पडेल, ही जोखीम उघड आहे. पण त्या गाडीला उतारू मिळाले नाहीत म्हणून जपानी भागधारकाला ठरावीक नफा देण्याचे वचन त्यात नाही. मुद्दल आणि व्याज यांचा आकडा सहीच्या दिवशी मांडता येतो. नफ्याची हमी दिली की तो आकडा कोणालाच मांडता येत नाही. तो नाफ्त्याच्या बाजारात किंवा मान्सूनच्या लहरीवर ठरतो. केर्न प्रकरणी जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधील भारत सरकारच्या मालमत्तांवर न्यायालयीन जप्ती आली. ते प्रकरण करआकारणीचे होते, हमीचे नव्हे, पण वसुलीची हत्यारे आता कोठवर पोहोचतात हे त्यातून कळले.

नाशिकपुरते बोलावयाचे तर पुण्याला जाणाऱ्या थेट लोहमार्गाची प्रतीक्षा येथे कित्येक वर्षे चालू आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या मेट्रो निओचीही चर्चा झाली. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे आणि त्यानिमित्ताने खासगी भागीदारीचे प्रस्ताव येतच राहतील. दाभोळचा मूळ वीजखरेदी करार दीर्घकाळ लोकांपासून दडवून ठेवला गेला होता. यापुढे राज्य सरकार किंवा महापालिका ज्या प्रकल्पास हमी देईल, त्याचा संपूर्ण मसुदा मराठीत, सहीच्या किमान तीन महिने आधी विधानसभेच्या पटलावर आणि महापालिकेच्या सभेपुढे ठेवावा. हमी कोणत्या चलनात आहे, उतारू किंवा ग्राहक निम्मेच मिळाले तर दरसाल किती रुपये भरावे लागतील आणि तंटा झाल्यास तो कोणत्या शहरात चालेल, या तीन प्रश्नांची उत्तरे मसुद्याच्या पहिल्या पानावर असावीत. नाशिकच्या आमदारांनी आणि नगरसेवकांनी ही मागणी आगामी अधिवेशनातच करावयास हवी.